स्नेह, रूक्षता आणि करडईचे तेल : हिवाळ्यातील त्वचेचा एक मराठवाडी इतिहास

पदव्युत्तर वर्गात समीक्षेची परिभाषा शिकवताना ‘स्निग्ध’ आणि ‘रूक्ष’ या दोन विशेषणांशी वारंवार गाठ पडते. अमुक कवीची शैली स्निग्ध, तमुक लेखकाचे निवेदन रूक्ष, असे आपण सहज बोलून जातो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी या शब्दांची फोड करताना मी विद्यार्थ्यांना विचारले, ‘रूक्ष’ म्हणजे नेमके काय? मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने उत्तर दिले, “सर, थंडीनं अंग उलायलंय, तसं.” वर्ग हसला. तिच्या उत्तरात चूक मात्र काहीच नव्हती. शब्दाचा मूळ अर्थ तिने नेमका सांगितला होता आणि आम्ही सगळे लाक्षणिक अर्थात अडकून पडलो होतो.

हिंगोली जिल्ह्यात हिवाळा फार मोठा नसतो, पण तो कोरडा असतो. समुद्र दूर, पाऊस ऑक्टोबरात आटोपलेला, आकाश निरभ्र आणि रात्री उत्तरेकडून येणारे वारे. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेने डिसेंबर २०१८ मध्ये तीन अंशांच्या आसपासचे तापमान नोंदवले होते. अशा दिवसांत ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, नडग्यांवर नखाने ओढले तर पांढरी रेघ उमटते. आमच्याकडे काळी जमीनही उलते. पाऊस लांबला किंवा रबीची ओल संपली की तिला भेगा पडतात. जमीन आणि कातडी या दोहोंसाठी बोलीने एकच क्रियापद आणि एकच नाम ठेवले आहे. शेतकऱ्याच्या लेखी दोन्हीकडे एकच गोष्ट घडते, ती म्हणजे आतली ओल निघून जाणे.

त्या विद्यार्थिनीच्या उत्तरामुळे मला एक प्रश्न लागला. ही ओल राखण्याचा आपल्याकडचा इतिहास काय? तो कोणत्या ग्रंथांत आहे, कोणाच्या हातांत आहे आणि त्यातले काय टिकले? प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाचा आराखडा आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही, साहित्याचा आहे. त्यामुळे शब्दांच्या वाटेनेच जाणार आहे. वाट मात्र शेवटी शेतात आणि न्हाणीघरात पोहोचते.

१.

प्रथम शब्द. संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेल-तुपासारखा ओशट पदार्थ आणि स्नेह म्हणजे माया. मराठीने दोन्ही अर्थ घेतले, पण रोजच्या बोलण्यात पहिला मागे पडला. आयुर्वेदात तो अजून जिवंत आहे. तिथे ‘स्नेहन’ हा उपचार आहे आणि तीळ, तूप, वसा, मज्जा यांची चर्चा ‘स्नेह’ या नावाखाली होते. याच्या उलट ‘रूक्ष’ हा वाताचा गुण. वात हा रूक्ष, शीत, लघु असतो आणि त्याला शमवायचे तर स्निग्ध आणि उष्ण हवे, ही सगळी मांडणी या एका जोडीभोवती फिरते. साहित्यविचारात आपण ‘भावनेचा ओलावा’, ‘कोरडे वर्णन’, ‘रूक्ष तपशील’ म्हणतो तेव्हा नकळत त्वचेचीच परिभाषा वापरत असतो.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. मार्गशीर्ष आणि पौष म्हणजे हेमंत. या ऋतूत वातहर तेलाचा अभ्यंग करावा, डोक्याला तेल लावावे, अंग रगडून घ्यावे, मग कषाय द्रव्यांच्या चूर्णाने वरचे तेल काढून ऊन पाण्याने स्नान करावे, असा क्रम तिथे सांगितला आहे. यातला ‘वरचे तेल काढून’ हा तपशील महत्त्वाचा वाटतो. तेल धुऊन टाकण्यासाठी तीव्र क्षार नाही, तर वनस्पतीचे चूर्ण. म्हणजे जास्तीचे तेल निघेल, पण सगळे निघणार नाही. आपल्या दिवाळीच्या उटण्याचे काम हेच आहे. आश्विन वद्य चतुर्दशीचे अभ्यंगस्नान शरद ऋतूत येते, म्हणजे हेमंत जवळ येत असताना. सणाची कथा नरकासुराची असली तरी त्याचा काळ ऋतुचर्येशी जुळणारा आहे, एवढे निश्चित म्हणता येईल. सण त्याचसाठी निर्माण झाला असे मात्र म्हणण्याला आधार नाही आणि तसा दावा मी करणार नाही.

मराठी गद्याच्या आरंभीही हा विषय भेटतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त ‘मर्दना’ आणि ‘मादने’ हे शब्द जोडीने येतात. मर्दना म्हणजे अंग चोळणे, मादने म्हणजे स्नान. श्रीचक्रधरांच्या दिनक्रमाचा तो साधा तपशील आहे आणि अनुयायांनी तो भक्तिभावाने जपला आहे. आज आपण ‘न्हाऊमाखू घालणे’ म्हणतो. तिथे न्हाणे आधी आणि माखणे नंतर, तर ‘मर्दना-मादने’त क्रम उलटा. अशा जोडशब्दांच्या क्रमावरून आचाराचा इतिहास काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा हे बरे. जोडशब्दांची घडण बहुतेकदा नाद आणि सवय ठरवतात. त्यांतून एवढेच सिद्ध होते की स्नान आणि स्नेह या दोन गोष्टी मराठी माणसाच्या मनात सातशे वर्षे एकमेकींना धरून आहेत.

२.

आता ग्रंथांतून गावात येऊ. ग्रंथ अभ्यंग ‘नित्य’ करायला सांगतात. नित्य तेल कोणाला परवडत होते?

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ चे. बलुते आणि अलुते यांची व्यवस्था समजून घ्यायची तर आजही आपण त्याच्याकडेच जातो. अलुतेदारांत तेली येतो. त्याच्या दारात लाकडी घाणा, घाण्याला बैल आणि बैलाच्या डोळ्यांवर झापड. गावाने तीळ, करडई, जवस, भुईमूग आणून द्यायचा, त्याने तेल काढून द्यायचे आणि पेंड जनावरांना जायची. तुकोबांच्या अभंगांचे लेखन करणारे संताजी जगनाडे याच व्यवसायातले होते. तेव्हा तेल आणि मराठी साहित्य यांचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे.

पण घाण्यातून निघालेले तेल सगळ्यांच्या अंगाला लागत नव्हते. आधी दिव्याला, मग कढईला, मग डोक्याला आणि उरले तर अंगाला, अशी त्याची वाटणी असे. सामान्य घरात अंगभर तेल वर्षातून मोजक्या वेळा लागे. दिवाळीला, लग्नाच्या हळदीला, बाळंतपणात आणि तान्हेपणी. ज्यांच्या वाट्याला गावाचा उकिरडा आणि वेशीबाहेरची जागा होती त्यांच्याकडे हेही नसे. दलित आत्मकथने शिकवताना आपण भूक, अपमान, शाळा या गोष्टींवर थांबतो. विद्यार्थ्यांना एकदा त्यांतले तेल शोधायला सांगून पाहावे. केस, पाय, ओठ यांची वर्णने कशी येतात आणि सणाच्या दिवशी काय बदलते, हे वाचताना शरीराच्या कोरडेपणाचा एक सामाजिक नकाशा समोर येऊ लागतो. ज्या त्वचेला सर्वाधिक ऊन, माती, शेण आणि पाणी सोसावे लागले तिलाच स्नेह सर्वांत कमी मिळाला, ही गोष्ट परंपरेचा गौरव करताना झाकली जाऊ नये. ‘आपल्याकडे नित्य अभ्यंग होता’ या वाक्यातले ‘आपल्याकडे’ फार थोड्या घरांचे आहे.

एक अपवाद होता. तान्हे मूल आणि बाळंतीण. गरीब घरातही चार दिवस का होईना, बाळाला तेल लावून, पायांवर घेऊन अंघोळ घालण्याचा प्रयत्न होई. हे काम करणारी अनुभवी बाई गावात असे. तेल किती कोमट असावे, मूल कुठल्या बाजूने चोळावे, पीठ आणि साय कधी लावावी, हे तिच्या हातांना ठाऊक असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायांच्या या शब्दांची नोंद निदान तिथे झाली. हातांच्या ज्ञानाची नोंद मात्र अशी एका जागी झालेली नाही.

गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलघाण्याच्या सुधारणेचे काम सुरू झाले. गिरणीच्या स्पर्धेत गावचा घाणा टिकावा म्हणून ‘वर्धा घाणी’ पुढे आली. ती फार काळ टिकली नाही. आज शहरांत ‘लाकडी घाण्याचे तेल’ नव्याने आणि चढ्या भावाने विकले जाते. ज्या तेल्याचा घाणा मोडला त्याच्या नातवंडांना तो भाव मिळतो का, हा प्रश्न बाटलीवर छापलेला नसतो.

३.

घाणा मोडत असतानाच साबण आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती साबण बंदरांतून उतरू लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतकोरात अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत प्राणिज चरबीविना साबण काढून स्वदेशीला बळ दिले. १९१९ मध्ये मुंबईतच ई. एस. पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ निघाला. १९२९ मध्ये कलकत्त्यात ‘बोरोलीन’ सुरू झाले. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेले ‘व्हॅसलीन’ही घरोघर पोहोचले. म्हणजे धुण्याचे साधन आणि धुतल्याने होणाऱ्या कोरडेपणाचे औषध, दोन्ही बाजारात जवळजवळ एकदमच आली.

साबणाने आपले भले केले यात शंका नाही. खरूज, नायटे, हगवण यांच्याविरुद्ध तो मोठे शस्त्र ठरला. करोनाच्या साथीत ते आपण पुन्हा अनुभवले. पण वडीचा साबण क्षारधर्मी असतो. त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो आणि निरोगी त्वचेचा पृष्ठभाग साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे सौम्य आम्ल. या ‘आम्लावरणा’ची कल्पना शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये मांडली. दिवाळीत उटण्याबरोबर साबणाची गोल वडीही घेण्याची प्रथा जाहिरातींनी रूढ केली आणि हळूहळू उटणे उपचारापुरते उरले. वाग्भटाच्या क्रमात तेल ‘राखून’ काढायचे होते. साबणाच्या क्रमात ते फेसासह पूर्ण निघून जाते आणि त्याबरोबर त्वचेचे स्वतःचे तेलही जाते.

४.

त्वचेचे स्वतःचे तेल म्हणजे काय, हे समजायला विसावे शतक लागले. हा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्याशिवाय उभा राहत नाही.

१९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांशाशिवायचे अन्न दिले. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली आणि ते जास्त पाणी पिऊ लागले. अन्नातले काही मेदाम्ल शरीराला आवश्यक असते आणि शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, हा निष्कर्ष त्यातून आला. ते मेदाम्ल म्हणजे लिनोलेइक आम्ल. १९५२ मध्ये इर्विन ब्लँक यांनी दाखवले की कातडीचा वरचा वाळका थर मऊ राहतो तो मुळात पाण्यामुळे. नुसते तेल लावून तो मऊ होत नाही. तेलाचे काम ते पाणी अडवून धरण्याचे.

हा वरचा थर केसाहूनही पातळ असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा. त्यात मृत, चपट्या पेशी पंधरा-वीस थरांत रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत स्निग्ध द्रव्यांचा लेप असतो. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हे त्याचे घटक. अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलियास यांनी याला विटा आणि चुना अशी उपमा दिली आणि ती १९८० च्या दशकात रूढ झाली. पेशी म्हणजे विटा, मेद म्हणजे चुना. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात आणि चुना ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. आपल्या भागातल्या लोकांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ज्या गढीच्या भिंतीचा चुना गळला तिच्या विटा किती पावसाळे तग धरतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

हिवाळ्यात दोन गोष्टी होतात. थंड हवेत मुळातच बाष्प कमी मावते, त्यामुळे कोरडी हवा त्वचेतून पाणी ओढून घेते. शिवाय या थरातले सेरामाइडसारखे मेद हिवाळ्यात कमी होतात आणि वय वाढेल तसेही घटतात, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले. त्यात आपण कढत पाणी आणि साबण यांची भर घालतो. चुना आधीच पातळ झालेला असताना तो खरवडून काढण्यासारखेच हे आहे.

लिनोलेइक आम्लाचे या चुन्यात एक विशिष्ट स्थान आहे. त्वचेचे पाणी राखणाऱ्या सेरामाइडांपैकी एका महत्त्वाच्या प्रकाराच्या रेणूला ते जोडलेले असते. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. आतड्याच्या विकारामुळे ज्यांच्या शरीरात हे आम्ल पोहोचत नव्हते, अशा रुग्णांच्या कातडीवर सूर्यफुलाचे तेल लावल्यावर त्यांची उणीव भरून निघू लागली. म्हणजे कातडीला चोपडलेले तेल नुसते वर बसत नाही, शरीर त्याचा उपयोगही करते. २००५ मध्ये याच नियतकालिकात ढाक्याच्या शिशू रुग्णालयातील अभ्यास आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले असता रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाची शक्यता ४१ टक्क्यांनी घटली. दाई-सुइणींच्या हातांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण बाळाच्या कातडीला राखले पाहिजे हे ठाऊक होते.

मात्र सगळीच परंपरागत तेले सारखी नाहीत. २००२ मध्ये उंदरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात सूर्यफुलाच्या तेलाने इजा झालेला थर लवकर सावरला, तर मोहरीच्या तेलाने तो सावरायला उशीर लागला. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा हा थर कमकुवत झाल्याचे आढळले. ओलेइक आम्ल जास्त आणि लिनोलेइक कमी असेल तर तेल त्वचेला तितकेसे मानवत नाही, असे यावरून दिसते. खोबरेल तेलाचा घटक वेगळा आहे. पण मनिला येथे २००४ मध्ये झालेल्या चाचणीत कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले.

५.

इथे आमची करडई येते.

नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे तीनचतुर्थांश असते. रोजच्या खाद्यतेलांत हे प्रमाण सर्वांत वरचे म्हणावे लागेल. तिळात ते चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात. करडई हे कोरडवाहू रबीचे पीक. मुळे खोल जातात, काळ्या जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर ते वाढते. ज्या उलणाऱ्या जमिनीचा उल्लेख आरंभी केला तिथेच. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या काट्यांची ओळ पेरली की जनावरे आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिची भाजी, वाळल्यावर तिचे तेल. काढणीला हाताला फडकी गुंडाळावी लागतात. शेताचे कुंपण, ताटातली भाजी आणि कातडीचे रक्षण, तिन्ही या एका झुडपात आहे.

आणि ग्रंथ तिच्याविषयी काय म्हणतात? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात हितकर आणि अहितकर पदार्थांची यादी आहे. वनस्पतिज स्नेहांत तिळाचे तेल सर्वांत हितकर आणि कुसुंभाचे, म्हणजे करडईचे, सर्वांत अहितकर, असे तिथे नोंदले आहे. सत्ताविसाव्या अध्यायातही ते सर्व दोषांना प्रकुपित करणारे म्हटले आहे. हा निर्णय मुख्यतः खाण्यासंबंधीचा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या करडईचेच तेल खाल्ले, फोडणीला घातले आणि हाताला लागलेले तेल टाचांना पुसले. ग्रंथाने निषेध केला आणि कोरडवाहू शेतकऱ्याने अनुभवाने स्वीकारले. पुढे प्रयोगशाळेने तेलाचे घटक मोजले, तेव्हा निदान कातडीपुरता तरी कल शेतकऱ्याच्या बाजूने दिसला. करडईच्या तेलावर बाळांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. सूर्यफुलावरून केलेले हे अनुमान आहे, इतकी सावधगिरी मी बाळगतो. पण ग्रंथ म्हणजे परंपरा आणि परंपरा म्हणजे ग्रंथ, हे आपले समीकरण या एका उदाहरणाने डळमळते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ ची, करडईचे ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले. पण १९९० नंतर सोयाबीन आले आणि त्याने या भागाचे शेत बदलून टाकले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासूनच्या पंचवीस वर्षांत करडईच्या ओळी आम्ही डोळ्यांदेखत विरळ होताना पाहिल्या आहेत. आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी करडईचे फूल पाहिलेले नाही. ज्या घरांत ते तेल होते त्या घरांत आता पाकिटातले पामतेल किंवा सोयातेल आहे आणि टाचांसाठी दुकानातली नळी.

६.

शेवटचे उदाहरण हळदीचे. वसमतची हळद आता सर्वदूर माहीत आहे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. लग्नात अंगाला लागणारी, उटण्यात मिसळणारी, जखमेवर दाबली जाणारी ही हळद एकदा परदेशी कचेरीत अडकली होती. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील सुमन दास आणि हरिहर कोहली यांना जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो. सांगावीही. पण साहित्याच्या अभ्यासकाने तिच्यातला एक तपशील सोडू नये. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातले ज्ञान पूर्वज्ञात ठरवायचे तर ते छापील स्वरूपात असावे लागे. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ हा पुरावा नव्हता. परिषदेने बत्तीस लिखित संदर्भ सादर केले. त्यांत प्राचीन ग्रंथ होते आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक निबंधही होता. हळद वाचली ती लिहिले गेले होते म्हणून. जे लिहिले गेले नाही त्याची बाजू मांडायला कोणी जाऊ शकले नसते.

करडई आणि हळद ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की आपली अडचण स्पष्ट होते. एका ठिकाणी लिखित शब्दाने लोकांचे ज्ञान वाचवले. दुसऱ्या ठिकाणी लिखित शब्द लोकांच्या अनुभवाच्या विरुद्ध उभा होता आणि तो अनुभव कोणी लिहून ठेवला नाही. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईचे, करडईच्या तेलाने टाचा बुजवणाऱ्या मजूर स्त्रीचे ज्ञान ना चरकात आहे ना कुठल्या नियतकालिकात. ते ‘उलणे’ या एका क्रियापदात आणि हातांच्या सवयीत आहे. ते हात थकले की जाईल.

म्हणून आम्ही वर्गात एक साधा उपक्रम सुरू केला. दर हिवाळ्यात विद्यार्थी घरातल्या आणि शेजारच्या वयस्क बायांकडून अंगाच्या कोरडेपणाचे शब्द, लावायच्या वस्तू आणि त्यांचा क्रम लिहून आणतात. आई, मावशी, आजी असा नात्याचा उल्लेख करतात, नाव लिहीत नाहीत. त्या नोंदींत बरोबर आणि चूक दोन्ही असते. भेगांत मेण-तेल भरणे समजण्यासारखे आहे, पण चिघळलेल्या जखमेत काहीबाही भरणे धोक्याचे, विशेषतः मधुमेह असलेल्यांना. तिथे दवाखानाच हवा. हेही आम्ही नोंदीखाली लिहितो. जपणूक म्हणजे डोळे मिटून होकार नव्हे. डॉक्टर आज जे सांगतात ते मात्र बहुतेक घरांना परके वाटत नाही : पाणी कढत नको, कोमट हवे. अंघोळ लवकर उरकावी. साबण जिथे गरज तिथेच. अंग टिपून घ्यावे, खरखरून पुसू नये आणि ओल असतानाच तेल किंवा मलम लावावे.

त्या विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी आणलेली वही माझ्याकडे आहे. तिची आई जानेवारी ते मार्च हळद काढण्याच्या आणि शिजवण्याच्या कामावर जाते. वहीत लिहिले आहे : आईचे हात या दिवसांत पिवळे होतात आणि उलतात. रात्री ती आधी माझ्या लहान भावाच्या पायांना तेल लावते आणि मग वाटीत जे उरते ते स्वतःच्या हातांना चोळते. खाली तिने शब्दार्थ दिले आहेत. ‘उलणे : ओल गेल्यामुळे फाटणे.’ त्याच्या खाली, परीक्षेत लिहावे तसे : ‘स्नेह : तेल.’ दुसरा अर्थ तिने दिलेला नाही आणि मीही तो लाल शाईने भरला नाही.